आज देवाकडे काय मागायचं? मेंदूला मार लागलेल्या माणसाच्या घरच्यांसाठी

आयसीयूच्या दारात सिस्टरनी आईला मूठ उघडायला लावली. आत अंगाऱ्याची पुडी. पदराआड आणखी एक ऐवज होता, औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून आणलेलं चंद्रभागेचं पाणी. दादाच्या अपघाताला आठवा दिवस होता. चौतीस वर्षांचा माणूस, रात्री दुकान बंद करून घरी येताना मोटरसायकल घसरली, हेल्मेट हँडलला अडकवलेलं. सिस्टरना वेळ नव्हता, तरी त्यांनी नीट सांगितलं, "मावशी, पाणी तोंडात घातलंत तर ते पोटात जाणार नाही, फुप्फुसात जाईल. आणि अंगारा इथं उघडायचा नाही, त्यांच्या गळ्याला भोक आहे." मग त्यांनी पुडी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, गाठ मारली आणि खाटेच्या डोक्याशी चिकटपट्टीने लावून टाकली. बाटली आईला परत दिली. "ही घरी ठेवा. गिळायला लागले की आणा."

पुढच्या दोन वर्षांत आम्ही जे शिकलो त्याचा पहिला धडा हाच होता. श्रद्धेला दारातून हाकलायचं नाही, पण तिची जागा ठरवून द्यायची. हा लेख त्या जागा ठरवण्याबद्दल आहे. ज्यांच्या घरी असा माणूस आहे आणि ज्यांच्या घरात देवही आहे, त्यांच्यासाठी. मी स्वतः फार देवदेव करणारी नाही. अण्णा वारकरी, आई सगळ्या देवांची, वहिनी त्या वर्षी कुठल्याच देवाची नव्हती. एकाच घरात हे सगळं असतं आणि भांडणं त्यातूनच होतात.

अपघातानंतर आई एकच मागायची, "पहिल्यासारखा होऊ दे." मला वाटतं, या आजारात माणसाला सगळ्यात जास्त थकवणारं मागणं हेच. मेंदूला जबर मार लागलेला माणूस बरा होतो, पुष्कळदा अपेक्षेपेक्षा जास्त होतो, पण तो बहुतेक वेळा थोडा वेगळा होऊन परत येतो. 'पहिल्यासारखा' हीच मोजपट्टी धरली, तर तो बोटं हलवायला लागला तरी घर रडतं, कारण तो अजून दुकान चालवत नाही.

अण्णांनी यावर एक गोष्ट सांगितली, ती आमच्या घरात नियम होऊन बसली. "आळंदीत उभं राहून पंढरपूर दिसत नाही गं. निघताना आज पुण्याला पोचायचं, एवढंच बघायचं. मग दिवेघाट, मग सासवड. मुक्कामावर पोचलं की पाय चोळायचे आणि उद्याचं उद्या." म्हणून पहिली पायरी ही: रोज संध्याकाळी दिवा लावताना ठरवा, आजचा मुक्काम कोणता. ताप उतरू दे. व्हेंटिलेटर सुटू दे. नळी न ओढता रात्र जाऊ दे. तेवढंच मागा. आई सुरुवातीला चिडली, "देवाकडे काय हप्त्याहप्त्याने मागायचं?" पण महिन्याभराने तिलाच ते जमलं, कारण हप्त्याने मागितलेलं अधूनमधून मिळतं.

पहिले दिवस: ऐकायचं काय, बोलायचं काय

डॉक्टर 'जीसीएस' (ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे शुद्ध किती आहे ते मोजणारा) म्हणून एक आकडा सांगतील. ही मोजपट्टी १९७४ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत तयार झाली. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४, बोलण्याला ५, हालचालीला ६ असे गुण, मिळून १५. कमीत कमी ३, शून्य नसतो. ८ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर. घशात नळी असेल तर बोलण्याचे गुण देताच येत नाहीत, त्यामुळे आकडा कमी दिसतो. हे आम्हाला उशिरा कळलं आणि तोवर आमच्या मामांनी सगळ्या गावात 'तीन मार्क पडले' असं सांगून टाकलं होतं. नुसता आकडा विचारू नका. "डोळ्याचे किती, हालचालीचे किती आणि कालच्यापेक्षा काय बदललं?" असं विचारा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कधीतरी एखादे डॉक्टर वर बोट दाखवून म्हणतात, "आता सगळं त्याच्या हातात." या वाक्याने घरं कोसळतात किंवा भलतीच उभी राहतात. त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ निघू शकतात. एक, आमच्याकडचे उपाय संपले. दोन, उपाय चालू आहेत, आता मेंदूची सूज उतरायची वाट बघायची. तिथल्या तिथे शांतपणे विचारा, "डॉक्टर, यातलं नेमकं कुठलं?" आम्ही विचारलं. उत्तर दुसरं होतं. न विचारता घरी आलो असतो तर आईने पहिलंच धरलं असतं.

तुम्ही श्रद्धाळू आहात हे डॉक्टरांपासून लपवू नका. "आम्ही प्रार्थना करतोय, पण खरं काय ते आम्हाला सांगा. चांगल्यात चांगलं काय होईल, वाईटात वाईट काय, आणि तुम्हाला जास्त करून काय होईल असं वाटतं?" हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. घरातलं एकच माणूस रोज बोलायला जाऊ दे. पाच जण पाच वेळा गेले की पाच बातम्या घरी येतात.

आत भेटायला दहा मिनिटं मिळतात. त्यात रडायचं नाही असं मी म्हणणार नाही, पण आधी बोला. कानाशी, हळू, एका वेळी एकानेच: "दादा, मी ताई. आज गुरुवार. तू मिरजेला दवाखान्यात आहेस. गाडीवरून पडला होतास." मग घरची एखादी जुनी आठवण. अमेरिकेत अवघ्या १५ रुग्णांवर असा प्रयोग झाला होता, तो २०१५ साली छापून आला. ओळखीच्या आवाजातल्या घरच्या गोष्टी सहा आठवडे रोज ऐकवल्या, आणि ज्यांनी त्या ऐकल्या त्यांच्या भानात जास्त सुधारणा दिसली. पंधरा माणसं म्हणजे फार नव्हेत, पण यात खर्च नाही आणि अपाय नाही. आम्ही मोबाइलवर अण्णांच्या आवाजात शेतातल्या विहिरीची गोष्ट भरून ठेवली होती. नामस्मरण किंवा भजन लावायचं असेल तर तेही चालेल. फक्त पाच-दहा मिनिटं लावा, मग बंद करा. अष्टौप्रहर उशाशी चालू ठेवलेला जप मेंदूला गोंगाटच होतो. त्यालाही शांतता लागते.

आत काय न्यायचं नाही तेही सांगते. ऑक्सिजन चालू असतो, म्हणून निरांजन, उदबत्ती, कापूर काही नाही. मनगटाला, दंडाला करकचून दोरा नाही, हातपाय सुजतात आणि दोरा रुततो. एमआरआयच्या आधी ताईत, कडं, माळेतली तार सगळं काढायचं, आणि काढल्याने देव कोपत नाही हे आजीला आधीच सांगून ठेवायचं. शेजारच्या खाटेवर इचलकरंजीचा एक मुलगा होता. त्याच्या अम्मीने जमजमचं पाणी आणलं होतं, तिलाही सिस्टरनी तेच सांगितलं. तिने कापसाचा बोळा ओला करून मुलाच्या तळहाताला लावला. आईने ते बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी चंद्रभागेच्या पाण्याचा बोळा दादाच्या तळहाताला लागला. नंतर दोघी जिन्यात एकाच डब्यातली भाकरी खाताना दिसल्या.

डोळे उघडले म्हणजे

सतराव्या दिवशी दादाने डोळे उघडले. अर्ध्या तासात गावात पेढे वाटले गेले. आणि पुढचे चोवीस दिवस तो डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होता, आमच्याकडे नाही.

हा सगळ्यात फसवा मुक्काम. बेशुद्धी साधारणपणे दोन ते चार आठवड्यांपलीकडे जात नाही, जो जगतो त्याचे डोळे त्यानंतर बहुधा उघडतात. पण जाग येणं वेगळं आणि भान येणं वेगळं. मेंदूचा बुंधा झोप-जाग चालवतो, ओळख पटायला वरचा मेंदू जागा व्हावा लागतो. डोळे उघडे, झोप-जागेचं चक्र चालू, पण समजेची खूण नाही, अशी एक अवस्था असते. त्यापुढे कधी समज दिसते, कधी नाही, अशी दुसरी. डॉक्टरांना विचारा, "आमचा माणूस यातल्या कुठल्या अवस्थेत आहे?"

भान ओळखायला घरचे लोक फार उपयोगी पडतात, पण घरचेच लोक सगळ्यात जास्त फसतात. हात हातात दिला की रुग्ण बोटं आवळतो आणि आई म्हणते, "ओळखलं मला!" ती बहुधा प्रतिक्षिप्त क्रिया असते, तान्ह्या बाळासारखी. म्हणून 'दाब' म्हणू नका, 'सोड' म्हणा. सांगितल्यावर सोडलं तर त्याला अर्थ आहे. चेहऱ्यासमोर आरसा धरून हळूहळू बाजूला न्या, नजर मागे येते का बघा. आपला चेहरा बघायला नजर लवकर वळते. एकच गोष्ट पाच वेळा सांगा, पाचातून किती वेळा केली ते लिहा.

आणि हो, वही घाला. दोनशे पानी साधी वही. डावीकडे तारीख, वेळ, काय सांगितलं, काय केलं. उजवीकडे आईने त्या दिवशी काय मागितलं ते. हा उजवा रकाना माझ्या डोक्यातून निघाला आणि मला अजून त्याचा अभिमान आहे. डावा रकाना डॉक्टरांना दाखवायचा, उजवा घरात ठेवायचा. खचलेल्या दिवशी मागची पानं उलटली की कळतं, २ तारखेला 'ताप उतरू दे' होतं आणि २८ तारखेला 'चमच्याने खाऊ दे' आहे. मन सांगत असतं की काहीच बदललं नाही. वही तसं म्हणत नाही.

'हा आमचा मुलगाच नव्हे'

भान परत येताना पुष्कळ रुग्ण एका वादळातून जातात. दादाने आईला घाण शिवी दिली, जन्मात दिली नव्हती तशी. नाकातली नळी दोनदा उपटली. वहिनीला म्हणाला, "ही बाई कोण?" रात्री ओरडायचा. यात बाधा नाही, करणी नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग आपल्या जिभेला आणि हाताला लगाम घालतो. तो सुजला, दुखावला की लगाम सुटतो. शिवाय नव्या आठवणी साठत नाहीत, त्यामुळे दर दहा मिनिटांनी तो माणूस अनोळखी जागी, अनोळखी नळ्यांमध्ये नव्याने जागा होतो. तुम्ही-आम्हीही ओरडलोच असतो. या काळात खोलीत दोनच माणसं, मंद उजेड, टीव्ही बंद, वाद घालायचा नाही, हातांना मऊ मोजे आणि नळी सदऱ्याआड. औषधं बदलायची गरज आहे का, लघवी तुंबली आहे का, कुठे दुखतंय का, हे डॉक्टरांना विचारायचं.

हीच ती वेळ जेव्हा कुणीतरी देवऋषी सुचवतं. आमच्याकडे मामांनी सुचवला. मामांनी अपघाताच्या रात्री जीप काढली होती, रक्त दिलं होतं, त्यांना 'अंधश्रद्धाळू' म्हणून झटकणं म्हणजे कृतघ्नपणा झाला असता. हे असं प्रत्येक घरात असतं. ज्याने मदत केलेली असते तोच भलतं सुचवतो. अण्णांनी त्यांना बाहेर चहाला नेलं आणि म्हणाले, "मामा, तुम्ही दृष्ट काढा. पण खोलीबाहेर, आणि मीठ-मोहरी-मिरची विस्तवावर टाकायची नाही, नुसती ओवाळून पाण्यात सोडायची. त्याला धुराने खोकला लागला तर डोक्यातला दाब वाढतो. बाकी बुवाकडे त्याला हलवायचं नाही. बुवांना त्याचं औषध ठाऊक असतं तर त्यांनी दवाखाना काढला असता." मामा हसले. संध्याकाळी त्यांनी बादलीत मिरच्या सोडल्या आणि निवांत झोपले.

सगळेच मामा हसत नाहीत. तेव्हा कायदाही माहीत असावा. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची त्या वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधणं, चटके देणं हे त्यात गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पूजा, आरती, वारी, नवस यांना हा कायदा हात लावत नाही. हेही मामांना सांगा, म्हणजे भांडण 'देव की डॉक्टर' असं होत नाही.

एक घरगुती धोका मात्र बुवापेक्षा जास्त पसरलेला आहे. भेटायला येणारे प्रेमाने 'मेंदूचं टॉनिक' आणतात. दादाला झटके येऊ नयेत म्हणून फेनिटॉइन चालू होतं. शंखपुष्पी घातलेल्या सिरपने फेनिटॉइनचं रक्तातलं प्रमाण कमी होतं आणि झटके परत येऊ शकतात, हे १९९२ सालीच संशोधनातून पुढे आलं आहे. आमच्याकडे एकाच आठवड्यात तीन बाटल्या जमल्या होत्या. त्या नाकारल्या नाहीत, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवल्या आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडल्या नाहीत. भस्म, काढा, पुडी, सगळ्याला हाच कप्पा.

मुहूर्त, नवस आणि पैसा

दादाच्या कवटीचं हाड सूज वाढली म्हणून पहिल्याच रात्री काढलं होतं आणि पोटाच्या कातडीखाली शिवून ठेवलं होतं. काही ठिकाणी ते खोल गोठवून ठेवतात. आईला हे कळायला आठवडा गेला. मग तिला त्यातच काहीतरी दिसलं, पोटात जपून ठेवलंय म्हणाली. हाड परत बसवेपर्यंत त्या बाजूवर झोपवायचं नाही, बसवताना-उठवताना डोक्याला संरक्षक टोपी, आणि त्या जागेवर कुणी आशीर्वादाचा हात ठेवायचा नाही. हे शेवटचं सांगावं लागतं, कारण येणारा प्रत्येक वडीलधारा माणूस डोक्यावरूनच हात फिरवतो. आम्ही "आशीर्वाद खांद्याला द्या" अशी पाटीच लावली.

मुहूर्ताबद्दल सोपा नियम. तातडीच्या ऑपरेशनला मुहूर्त नाही, अमावास्या असो की ग्रहण. सही करा. हाड परत बसवण्यासारखं आधी ठरवून केलेलं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना एकदाच विचारा, "मंगळवारऐवजी गुरुवार चालेल का?" चालत असेल तर ते हो म्हणतील. नाही म्हणाले तर विषय संपला, पंचांग मिटा.

नवसाबद्दल मी जास्त कडक आहे. आजाऱ्याच्या शरीरावर नवस बोलू नका. "तो चालत येईल, दंडवत घालत येईल" असा नवस बोलला की त्याचा पाय वळला नाही, तर तो देवाचाही कर्जदार होतो. जे करायचं ते बोलणाऱ्याने स्वतःच्या अंगावर घ्यावं. कर्ज काढून फेडावा लागेल असा नवस नको. शांती, अभिषेक, पत्रिका यांसाठी घरात एक रक्कम ठरवा, आणि तिच्या आधी फिजिओथेरपीचे, डायपरचे, हवेच्या गादीचे पैसे बाजूला काढा. भटजींनी मोठी शांत सांगितली तेव्हा अण्णांनी विचारलं, "वर्षभराने केली तर चालेल का?" चालते, म्हणाले. बहुतेक चालतेच.

गावभर प्रार्थना चालू असतील तर आनंद आहे, पण ते आजाऱ्याला उठता-बसता ऐकवू नका. अमेरिकेत १,८०२ हृदयरुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, २००६ साली तो छापला गेला. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेने ऑपरेशननंतरच्या गुंतागुंती कमी झाल्या नाहीत. उलट ज्यांना 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे' असं सांगितलं होतं, त्यांच्यात त्या थोड्या जास्त निघाल्या, ५९ टक्के. ज्यांना खात्री नव्हती त्यांच्यात ५२. कारण कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण मला आमचा दादा आठवतो. 'सगळं गाव तुझ्यासाठी उपास करतंय' ऐकलं की तो मान भिंतीकडे वळवायचा.

घरी आल्यावर: देव्हाऱ्याचा व्यायाम

सुधारणा सर्वांत वेगाने पहिल्या सहा महिन्यांत होते आणि त्यानंतरही, मंद गतीने, वर्षानुवर्षं चालू राहते. म्हणजे घरीच खरं काम. आणि इथे देवधर्म चक्क उपचाराला जुंपता येतो. आमच्या फिजिओथेरपिस्टने विचारलं, "याला रोज नेमाने करायची सवय कशाची होती?" दुकानात जायच्या आधी पूजा. मग तिने पूजेचेच व्यायाम केले.

जपमाळ घेतली. अंगठा आणि मधल्या बोटाने मणी ओढणं म्हणजे बोटांची बारीक हालचाल. १०८ नाही, आधी अकरा. उजवा हात लुळा होता, म्हणून डावा खाली धरून उजव्याने मणी. आरतीत टाळ्या, म्हणजे दोन्ही हात एकत्र मध्यरेषेवर. फुलं निवडून पांढरी एकीकडे, तांबडी दुसरीकडे, म्हणजे लक्ष आणि वर्गवारी. देवघरापर्यंत चौदा पावलं, भिंतीला धरून. रोजची ठरलेली वेळ, तोच क्रम, त्याच वस्तू. आठवण पांगळी झालेल्या माणसाला असा ठरलेला क्रम काठीसारखा लागतो.

आणि गाणं. दादाला शब्द सापडत नव्हते, 'पाणी' म्हणायचं तर 'ते… ते' व्हायचं. एका संध्याकाळी आई आरती म्हणताना कडव्याच्या मध्ये थांबली, खोकला आला म्हणून, आणि पुढची ओळ दादाने म्हटली. चालीत, शब्दांसकट. आई कोसळलीच. हा चमत्कार तिच्यापुरता खरा आहे आणि मी तो तिच्याकडून काढून घेणार नाही. पण त्याचं कारणही आहे: लहानपणापासून घोकलेलं आणि चालीत बसलेलं बोलणं मेंदूत जरा वेगळ्या वाटेने जातं. डाव्या मेंदूतली भाषेची जागा दुखावली तरी ती वाट पुष्कळदा शाबूत राहते. याच तत्त्वावर १९७३ साली अमेरिकेत चालीवर बोलायला शिकवण्याची एक उपचारपद्धत मांडली गेली. म्हणून आरती म्हणता येते म्हणजे बोलणं परत आलं असं नाही, पण दार कुठे आहे ते कळतं. स्पीच थेरपिस्टला लगेच सांगा. आम्ही पुढे 'पा-णी दे' हे दोन सुरांत म्हणायला शिकवलं. आरतीऐवजी पाढे असोत, त्रिसरण-पंचशील असो, शाळेतली प्रार्थना असो, लहानपणी जे पाठ झालं असेल ते वापरा.

गिळण्याबाबत हयगय नको. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काही नाही, आणि त्यात सर्वांत फसवं म्हणजे तीर्थ. पळीभर पाणी निरुपद्रवी वाटतं, पण पातळ पदार्थच सर्वांत लवकर श्वासनलिकेत घसरतो. घट्टसर पदार्थ त्या मानाने सोपा. त्यामुळे परवानगी मिळाल्यावर आधी मऊ शिरा, बिनबेदाण्याचा. खोबऱ्याचे तुकडे, फुटाणे, शेंगदाणे, साखरफुटाणे नंतर कधीतरी. बसवून, हनुवटी जरा खाली, एक घास गिळून झाल्यावरच दुसरा. साबुदाण्याची खिचडी उपासाची असली तरी चिकट असते, तीही थांबू दे. आजाऱ्याने उपास करायचा नाही, झटक्याच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, एकादशीलाही नाही. कापूर देवापुढे बेताने, खिडकी उघडी ठेवून, आणि डबी त्याच्या हाताला लागेल अशी नको. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. घंटा आणि झांजा काही महिने बंद ठेवा. मार लागलेल्या मेंदूला आवाज टोचतो. गणपतीत आम्ही नुसत्या टाळ्यांवर आरती केली. गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना अण्णांनी घरी बोलावून दादा दाखवला, त्यांनी आपणहून स्पीकरचं तोंड वळवलं.

उपास सांभाळणाऱ्यानेही बेताने. आई सोमवार, गुरुवार, शनिवार धरायची, तिला मधुमेह. एका शनिवारी दादाला खाटेवरून उचलताना ती चक्कर येऊन त्याच्याच अंगावर पडली. त्यानंतर उपासाचे वार आम्ही वाटून घेतले, प्रत्येकाला एक. माझ्या वाट्याला गुरुवार आला, देवदेव न करणारीच्या.

ज्याची श्रद्धा उडाली त्याचं काय

वहिनीने त्या वर्षी दिवा लावला नाही. हळदीकुंकवाला गेली नाही. लोक कुजबुजायचे. तिची अवस्था अशी की नवरा समोर होता आणि नव्हताही. मेलेल्या माणसासाठी रडता येतं, तेरावा असतो, लोक येतात. समोर बसलेल्या आणि तुम्हाला 'ही बाई कोण' म्हणणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे कुठलाच विधी नाही. अशा माणसाला 'देवावर विश्वास ठेव' सांगू नका. तिला झोप द्या. आम्ही आठवड्यातून दोन रात्री तिला माहेरी पाठवायचो आणि पाहुण्यांना कारण सांगायचो नाही.

काही वाक्यं घरात बंद करा, अगदी आजीलाही बजावून: पायगुण, पूर्वजन्मीचं पाप, साडेसाती, 'तुमचंच काहीतरी चुकलं असेल'. आईने स्वतःला दोष द्यायला एक कारण शोधून काढलं होतं, म्हणे कुलदैवताला जायचं राहिलं होतं. अण्णा म्हणाले, "मी तीस वर्षं वारी चुकवली नाही, मग माझ्या पुण्याने अपघात का टळला नाही? तो हिशोब आपल्याकडे नसतो." फारच अंधारून आलं, रात्र निघत नाही असं वाटलं, तर १४४१६ हा मानसिक आधारासाठीचा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलतात. वहिनी एकदा बोलली होती. काय बोलली ते मी विचारलं नाही.

आणि एकाने कागद बघावेत

घरातल्या एकाने देवाकडे बघावं, एकाने कागदांकडे. एफआयआरची प्रत, डिस्चार्ज कार्ड, सगळी बिलं एका फायलीत. दुसऱ्या वाहनाची धडक असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. दवाखाना धर्मादाय नोंदणीचा असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवणं त्याला बंधनकारक आहे. समाजसेवकाला गाठून तसा अर्ज द्या. मुंबईत असाल तर हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था आहे, १९५५ पासूनची.

दुसऱ्या आषाढीला अण्णा परत वारीला निघाले. आदल्या वर्षी गेले नव्हते. दादा दारात खुर्चीवर बसला होता, अजून दुकानात जात नव्हता, आईचं नाव कधी पटकन आठवायचं, कधी नाही. अण्णांच्या पिशवीत चंद्रभागेच्या पाण्यासाठी तीच रिकामी बाटली होती. आधीचं पाणी दादाने कधीच पिऊन टाकलं होतं, चमच्याने, बसून, हनुवटी खाली घेऊन. अण्णांनी आईला विचारलं, "विठोबाला काय सांगू?"

आई दादाचा सदरा बघत होती. सकाळपासून तो एकटाच त्याच्याशी झटत होता.

"वरची दोन बटणं राहिलीत म्हणावं."